पेम्ब्रोलिझुमॅब आणि स्वादुपिंडाचा पसरलेला कॅन्सर: आधी रिपोर्ट, मग इंजेक्शन

स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी ‘इम्युनोथेरपी देता येईल का’ असं विचारलं जातं तेव्हा बहुतेक वेळा मनात एकच औषध असतं: पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे कीट्रुडा. आमचा निकाल आधीच सांगून टाकतो. गाठीच्या तपासणीत एमएसआय-हाय किंवा डीएमएमआर (दोन्ही डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडल्याच्या खुणा) आलं असेल तर हे औषध मागून घ्या. आलं नसेल तर ट्रायलच्या बाहेर ते घेण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की या कॅन्सरमध्ये तो दोष साधारण शंभरातल्या एकाकडे असतो, फार तर दोघांकडे.

उरलेल्यांवर ते का चालत नाही, हे समजून घेतलं तर पुढचे पुष्कळ चुकीचे निर्णय टळतात. टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. पेम्ब्रोलिझुमॅब तो ब्रेक सोडवतं, म्हणजे पेशी पुन्हा हल्ला करू शकतात. पण ब्रेक सोडून उपयोग व्हायला गाडी तिथे असावी लागते. स्वादुपिंडाच्या गाठीत कॅन्सरपेशींपेक्षा घट्ट तंतुमय ऊतक जास्त असतं, त्यातून टी-पेशी आत शिरत नाहीत आणि आजूबाजूला त्यांना दाबून ठेवणाऱ्या पेशींचा पहारा असतो. शिवाय या गाठींत एकूण म्युटेशन कमी असतात. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत केआरएएस या जनुकाचं म्युटेशन सापडतं खरं, पण त्या एकट्याने गाठ प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरत नाही. डीएमएमआर गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच बिघडलेली असल्याने चुका साचत जातात, पेशी परकी दिसू लागते आणि मग ब्रेक सोडण्याचा फायदा होतो.

आकडेही हेच सांगतात. 2010 साली इपिलिम्युमॅब (सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवरचं औषध) एकटं देऊन पाहिलेल्या 27 रुग्णांत नेहमीच्या निकषांवर एकाचीही गाठ आटली नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 65 रुग्णांच्या चाचणीत डुर्व्हॅलुमॅब (पीडी-१चा ब्रेक दाबणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनावरचं औषध) एकटं दिलेल्या गटात प्रतिसाद शून्य, सीटीएलए-४वरच्या ट्रेमेलिम्युमॅबची जोड दिलेल्या गटात 3.1 टक्के. मग हीच जोडी जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल या केमोवर चढवून कॅनडातल्या गटाने 180 रुग्णांत तपासली: जगण्याचा मध्यकाळ (निम्मे रुग्ण जितकं जगले तो काळ) 9.8 महिने, नुसत्या केमोवर 8.8, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ‘केमोबरोबर थोडी इम्युनोथेरपी जोडू या, नुकसान तर नाही’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा पुढे ठेवा. नुकसान आहे, आणि ते पुढे सविस्तर येईलच.

एमएसआय-हाय असलेल्यांचं काय? इथेही जाहिरातीतली चमक जरा उतरवून बघायला हवी. अमेरिकेच्या एफडीएने मे 2017 मध्ये अवयव न बघता फक्त या दोषावरून औषधाला मान्यता दिली, तशी ती पहिलीच. त्यामागच्या एका सुरुवातीच्या मालिकेत स्वादुपिंडाचे 8 रुग्ण होते आणि त्यातल्या 5 जणांना प्रतिसाद होता. पुढच्या कीनोट-158 या मोठ्या अभ्यासात मात्र 22 पैकी फक्त 4 जणांना, म्हणजे 18.2 टक्के. आजार पुढे सरकण्याचा मध्यकाळ 2.1 महिने. त्याच अभ्यासात सगळे अवयव मिळून प्रतिसाद 34.3 टक्के होता, म्हणजे दोष तोच असूनही स्वादुपिंड मागे पडतं. जमेची बाजू ही की ज्यांना प्रतिसाद मिळाला त्यांच्यात तो टिकण्याचा मध्यकाळ 13.4 महिने होता. या कॅन्सरच्या हिशेबात हे फार आहे.

यातून निघणारा व्यवहारी सल्ला लोकांना आवडत नाही. आजार वेगाने वाढत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, पोटात पाणी भरत असेल, तर एमएसआय-हाय असूनही आधी केमोने आजाराला लगाम घालायचा का, हे डॉक्टरांना विचारा. इम्युनोथेरपीला पकड घ्यायला आठवडे लागतात आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिल्या स्कॅनपर्यंतच आजार पुढे सरकलेला असतो. तब्येत धरून आहे, रुग्ण चालता-फिरता आहे, तर गोष्ट वेगळी.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. आयएचसी, म्हणजे ऊतक रंगवून करायच्या तपासणीत चार प्रथिनं बघतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. चारही ‘टिकून आहेत’ असं लिहिलं असेल तर डीएमएमआर नाही. एखादं ‘नाहीसं’ असेल तर आहे, आणि मग लिंच सिंड्रोमसाठी, म्हणजे घराण्यातून आलेल्या याच दोषासाठी, रक्ताची जनुकीय तपासणी हवीच, कारण तो प्रश्न भावंडांचा आणि मुलांचाही आहे. पीसीआर किंवा एनजीएस या गाठीच्या डीएनएच्या तपासण्यांवर एमएसआय कळतं. घोळ होतो तो नमुन्यात. एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून बारीक सुईने काढलेल्या नमुन्यात कॅन्सरपेशी मोजक्याच असतात, बाकी तंतू. तेवढ्यावर निदान होतं, पण जनुकीय तपासणीला माल पुरत नाही आणि रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ येतं. म्हणून बायोप्सीच्या आधीच सांगून ठेवा की एनजीएस करायचं आहे, आणि ऊतकाचा सलग तुकडा काढणारी सुई वापरायला सांगा. लिव्हरमध्ये पसरलेला ठिपका हाताशी असेल तर तिथला नमुना बहुधा भरपूर मिळतो. तरी नाहीच जमलं तर रक्तातून करायची लिक्विड बायोप्सी आहे, पण ती ‘नकारात्मक’ आली म्हणून दोष नाहीच असं धरू नका. गाठीतून रक्तात डीएनए आलाच नसेल तर तपासणीला सापडणार काय?

पीडी-एल१ची टक्केवारी या कॅन्सरमध्ये बघत बसू नका, त्यावरून निर्णय होत नाही. टीएमबी (गाठीतल्या म्युटेशनचं प्रमाण) 10 किंवा जास्त असेल तर मान्यता आहे, जून 2020 पासून. पण ती ज्या रुग्णांवरून मिळाली त्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण नव्हते. एमएसआय स्थिर आणि टीएमबी जेमतेम 11, अशा रिपोर्टवर आम्ही तरी उड्या मारणार नाही.

पर्याय म्हणून डोस्टार्लिमॅब आहे, डीएमएमआर गाठींसाठी ऑगस्ट 2021 पासून. 500 मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी चार वेळा, नंतर 1000 मिग्रॅ दर सहा आठवड्यांनी. काम त्याच ब्रेकवर, दुष्परिणामही त्याच घराण्यातले. आणि एक सावधगिरी: ‘इम्युनोथेरपी’ या नावाखाली कसल्याकसल्या पेशींच्या लसी आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पॅकेजं विकली जातात. मान्यता कुठल्या आजारासाठी, कुठल्या चाचणीवर, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक ठिकाणी आवाज बसतो.

औषध देण्याचा भाग सोपा आहे, त्या बाबतीत गुण पूर्ण. 100 मिग्रॅची वायल 4 मिलिलिटरची असते. 200 मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी किंवा 400 मिग्रॅ दर सहा आठवड्यांनी, सलाईनमधून अर्ध्या तासात, जास्तीत जास्त दोन वर्षं. द्रव रंगहीन किंवा किंचित पिवळसर असतो. तरंगणारे कण दिसले तर ती वायल वापरायची नाही. साठवण 2 ते 8 अंशांत. गोठवायची नाही, हलवायची तर अजिबात नाही. बाटली हलक्या हाताने उलटसुलट करायची, कारण हे प्रथिन आहे आणि खळखळवलं की त्याचे गोळे होतात. नळीत 0.2 ते 5 मायक्रॉनचा, प्रथिनाला न चिकटणारा फिल्टर लागतो. फिल्टर लावला का, हे नर्सला विचारायला लाजू नका. सहा आठवड्यांचं वेळापत्रक सोयीचं वाटतं, पण पहिल्या तीन महिन्यांत आम्ही तीन आठवड्यांचंच सुचवू: दुष्परिणाम बहुतेक याच काळात डोकं वर काढतात आणि माणूस तपासणीला समोर येतो हे बरं.

सुरू करण्याआधीच्या रक्ततपासण्या: लिव्हर, किडनी, साखर आणि एचबीए१सी, टीएसएच व फ्री टी४, सकाळचं कॉर्टिसॉल, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, शिवाय ईसीजी आणि ट्रोपोनिन. पुढे काही बिघडलं तर आधीचा आकडा किती होता, हा पहिला प्रश्न येतो. संधिवात, सोरायसिस, आतड्याचा दाह, अवयव-प्रत्यारोपण यांतलं काही असेल तर आधीच सांगा. दुसऱ्या कारणासाठी रोज 10 मिग्रॅहून जास्त प्रेडनिसोलोन (स्टिरॉईड) चालू असेल तर तेही. औषधाची धार त्याने बोथट होण्याची शक्यता असते.

आता खरा विषय. एकट्या पीडी-१ औषधाने गंभीर त्रास तुलनेने कमी होतो. कीनोट-158 मधल्या 233 रुग्णांत औषधाशी संबंधित तिसऱ्या श्रेणीचा (म्हणजे गंभीर) किंवा त्यापुढचा त्रास 14.6 टक्क्यांना झाला. सीटीएलए-४वरच्या औषधाची जोड दिली की हे प्रमाण कितीतरी चढतं. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधली मेख दुसरीच आहे: इथे आजाराची स्वतःची लक्षणं आणि औषधाचे दुष्परिणाम दिसायला जुळी भावंडं असतात. जुलाब, कावीळ, साखर, थकवा, या चारही गोष्टी आजारातही होतात आणि औषधानेही. उपचार मात्र एकमेकांच्या उलट: औषधाने भडकलेली प्रतिकारशक्ती बहुधा स्टिरॉईडने दाबावी लागते.

जुलाबांपासून सुरुवात करू, कारण चुका सगळ्यात जास्त इथे होतात. स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात पोचत नसेल तर चरबी पचत नाही. अशी शौच फिकट, पसरट, भरपूर, वास उग्र, पाण्यावर तरंगते, भांड्याला चिकटते, एकदा पाणी टाकून जात नाही, कधी वर तेलाचा तवंग दिसतो. ती जेवणानंतर होते आणि तेलकट खाल्लं की वाढते. प्रतिकारशक्तीने आतड्यावर हल्ला केला असेल तर शौच पातळ पाण्यासारखी, जेवणाशी संबंध नाही, रात्री झोपेतून उठवते, मुरडा येतो, शेम किंवा रक्त पडतं. पहिल्यात स्टिरॉईड देणं म्हणजे साखर विनाकारण भडकवणं, आणि दुसऱ्यात पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल वाढवत बसणं म्हणजे आठवडा वाया घालवणं. रुग्ण इरिनोटेकॅन हे केमोचं औषधही घेत असेल तर जुलाबाचा तिसरा मालक हजर होतो.

पाचक एन्झाइमचा डोस बहुतेकांचा कमी पडतो. मोठ्यांना मुख्य जेवणाला 40,000 ते 50,000 युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) आणि मधल्या खाण्याला साधारण 25,000 ही सुरुवात आहे. पहिल्या घासाबरोबर अर्ध्या कॅप्सूल, जेवणाच्या मध्यावर उरलेल्या. जेवण झाल्यावर घेतल्या तर अन्न पुढे गेलेलं असतं. चावायच्या नाहीत, गरम पदार्थात घालायच्या नाहीत.

आतड्याच्या दाहाचा संशय असेल तर मोजणी ‘नेहमीपेक्षा किती जास्त’ अशी करतात. रोजची सवय एकदाची आणि आता तीनदा, तर वाढ दोनची. वाढ चारपेक्षा कमी ती पहिली श्रेणी, चार ते सहा दुसरी, सात किंवा जास्त तिसरी. पहिल्या श्रेणीत पाणी, क्षार आणि नजर. दुसऱ्या श्रेणीपासून इंजेक्शन थांबतं, शौचाची जंतूंसाठी, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी, आणि कॅलप्रोटेक्टिन या दाहाच्या खुणेसाठी तपासणी होते, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. घरातलं लोपेरामाइड स्वतःच्या मनाने घेऊन मोजणी झाकू नका. दुसऱ्या श्रेणीपासून प्रेडनिसोलोन किलोला 1 मिग्रॅ, तिसऱ्या श्रेणीत रुग्णालयात शिरेतून किलोला 1 ते 2 मिग्रॅ. तीन ते पाच दिवसांत फरक नाही तर इन्फ्लिक्सिमॅब, किलोला 5 मिग्रॅ, किंवा व्हेडोलिझुमॅब 300 मिग्रॅ; दोन्ही आतड्याचा दाह शमवणारी औषधं. स्टिरॉईड चढवत राहणं हा तिसरा पर्याय नव्हे.

लिव्हर. पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) असलेल्या रुग्णाची बिलिरुबिन वाढली की आधी स्टेंट तुंबला का ते बघायचं. थंडी वाजून ताप, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी वर, सोनोग्राफीत नलिका फुगलेल्या: हा पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग. त्याला अँटिबायोटिक आणि स्टेंटची दुरुस्ती लागते, ती त्याच दिवशी. प्लॅस्टिकचा स्टेंट तीनेक महिन्यांत तुंबतो, धातूचा जास्त टिकतो. बसवल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या हिपॅटायटिसमध्ये बहुधा एएलटी-एएसटी ही लिव्हरची एन्झाइम आधी चढतात, नलिका फुगलेल्या नसतात आणि रुग्णाला कित्येकदा काहीच जाणवत नाही. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपासून पाचपटीपर्यंत दुसरी श्रेणी, त्यापुढे तिसरी. इथे स्टिरॉईडला दाद मिळाली नाही तर मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वापरतात; इन्फ्लिक्सिमॅब लिव्हरलाच घातक ठरू शकतं म्हणून टाळतात. संसर्ग असताना हिपॅटायटिस समजून स्टिरॉईड दिलं तर तासांत सेप्सिस होऊ शकतो. क्रम पाळा: आधी सोनोग्राफी, मग स्टिरॉईड. एक अडनिडं कारणही ध्यानात ठेवा: चूर्णं, काढे, सप्लिमेंट. लिव्हरची एन्झाइम चढण्याचं खापर इंजेक्शनवर फुटतं आणि मागे डबी दुसरीच असते.

साखरेच्या बाबतीत, स्वादुपिंडाच्या रुग्णाला मधुमेह आधीच असण्याची शक्यता मोठी. त्यात ग्लुकागॉन तयार करणाऱ्या पेशीही गेलेल्या असतात, म्हणून साखर चढते तशी अचानक घसरतेही. औषधाने होणारा मधुमेह वेगळा: दिवसांत उफाळतो, तहान, लघवी, उलट्या, धाप, रक्तात कीटोन. एचबीए१सी जेमतेम वाढलेला असू शकतो, कारण तो मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सांगतो आणि घटना मागच्या आठवड्यातली असते. साखर 300 च्या पुढे आणि उलट्या, तर कीटोन तपासल्याशिवाय घरी थांबू नका. इथे स्टिरॉईडचा उपयोग शून्य. इन्सुलिन लागतं, बहुधा कायमचं, पण साखर ताब्यात आल्यावर इम्युनोथेरपी पुढे चालू ठेवता येते.

थकव्याला ‘कॅन्सर आहे, होणारच’ म्हणून सोडून देतात, आणि त्यात पिट्युटरी (मेंदूखालची) किंवा ॲड्रिनल (किडनीवरची) ग्रंथीचा बिघाड निसटतो. उठल्यावर चक्कर, बीपी कमी, सोडियम कमी, मळमळ, भूक नाही: सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (ॲड्रिनलला चालवणारं पिट्युटरीचं हार्मोन) करा. तोंडाने स्टिरॉईड चालू असेल तर कॉर्टिसॉलचा आकडा फसवा येतो. थायरॉईड बहुधा आधी थोडे दिवस जास्त चालतं, धडधड होते, मग बसतं. शेवटी थायरॉक्सिनची गोळी, वय झालेल्यांना किंवा हृदयरोग्यांना 25 ते 50 मायक्रोग्रॅमपासून. थायरॉईड आणि ॲड्रिनल दोन्ही ग्रंथी बिघडल्या असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, नंतर थायरॉक्सिन. क्रम उलटा झाला तर ॲड्रिनल क्रायसिस ओढवू शकतो. टीएसएच कमी आणि टी४ही कमी असा रिपोर्ट आला की ‘थायरॉईड नॉर्मलच्या आसपास’ म्हणून बाजूला ठेवू नका, तो पिट्युटरीकडे बोट दाखवतो.

त्वचेवरचं पुरळ सगळ्यात लवकर येतं आणि सगळ्यात सोपं: मॉइश्चरायझर, स्टिरॉईडचं मलम. फोड किंवा तोंडात व्रण आले तर मात्र त्याच दिवशी दाखवा. कोरडा खोकला आणि ऑक्सिजन घसरणं, यात फुप्फुसाचा दाह आणि फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी अशा दोन्ही शक्यता असतात. या कॅन्सरमध्ये गुठळ्या इतक्या होतात की छातीचा सीटी करताना तो रक्तवाहिन्या दिसतील असाच करून घ्यावा. छातीत दुखणं, धडधड, पापण्या जड होणं, मान उचलता न येणं: ट्रोपोनिन आणि सीके (हृदयाच्या व इतर स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), ईसीजी तासाभरात. हृदयस्नायूचा दाह क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम शिरेतून, आणि हे औषध पुन्हा कधी नाही.

स्टिरॉईड चढवणं कुणालाही जमतं, उतरवताना हात घसरतो. साठ किलोच्या माणसाला 60 मिग्रॅवर सुरू केलं, तर त्रास पहिल्या श्रेणीवर आल्यावर आठवड्याला 10 मिग्रॅ कमी करत 20 पर्यंत, मग आणखी सावकाश. किमान चार ते सहा आठवडे. दहा दिवसांत बरं वाटतं म्हणून बंद केलं की जुलाब परत येतात, आणि दुसऱ्या वेळी जास्त हट्टी असतात. गोळी सकाळी, खाऊन. साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. फक्त सकाळची उपाशीपोटी साखर मोजणाऱ्याला ती दिसतच नाही. रोज 20 मिग्रॅ किंवा जास्त डोस चार आठवड्यांहून अधिक चालणार असेल तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमोक्साझोल, जोडीला कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पोटासाठी गोळी. जिवंत जंतूंच्या लसी या काळात नाहीत.

परिणाम मोजायला पहिला स्कॅन आठ ते बारा आठवड्यांनी. सीए १९-९ ही रक्तातली खूण सोबत बघा, पण पित्त अडलेलं असताना तो खोटा चढतो, आणि काही जणांच्या शरीरात तो तयारच होत नाही. गाठ आधी फुगून मग आटते, ही गोष्ट ऐकलेली असते सगळ्यांनी. या कॅन्सरमध्ये मात्र स्कॅनवर वाढ आणि तब्येतही खालावतेय, तर ती वाढच समजावी. त्या आशेवर आणखी दोन डोस घेण्यात केमोची वेळ निघून जाते.

औषधाचं अर्धायुष्य साधारण 22 दिवस. शेवटच्या डोसनंतर ते महिनोन्‌महिने काम करत राहतं, त्रासही देऊ शकतं, म्हणून टीएसएच, लिव्हर आणि साखर बंद केल्यावरही तपासत राहावं लागतं. रात्री-अपरात्री दुसऱ्याच डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांना ‘केमो चालू आहे’ एवढंच सांगितलं जातं आणि ते पांढऱ्या पेशी तपासून जुलाबाची गोळी देतात. खिशात एक कार्ड ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, स्टेंटची तारीख, आधीचे एएलटी आणि कॉर्टिसॉल, चालू असलेलं स्टिरॉईड किती मिग्रॅ, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर.